वरच्या मजल्याचं टपाल

"त्याला हात लावू नकोस!" मिर्सिनी जिन्यातूनच ओरडली.

तिचा नवरा स्त्रातिस दचकला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. वडिलांच्या बाल्कनीतलं बॅसिलचं रोप पार सुकून गेलं होतं.

"अगं, पाणी घालतोय. झाडाला पाणी घातलं तर टॅक्स लागतो का?"

"वकीलबाई काय म्हणाल्या? बाबांच्या चमच्यालासुद्धा हात लावायचा नाही. मालकासारखं वागलं की वारसा स्वीकारला असं धरतात. मग बस फेडत."

स्त्रातिसने दार ओढून घेतलं.

सासरे जानेवारीत गेले. संगमरवरी फरश्यांची कंत्राटं घेऊन त्यांनी व्होलोस या ग्रीक शहरातल्या निम्म्या लोकांना कॉफी पाजली, पण मिळकतीवरचा कर वर्षानुवर्षं भरला नाही. दंड आणि व्याज धरून तो इतका फुगला होता की वरचा फ्लॅट विकूनही फिटला नसता. उरलेला वारसाकडून वसूल होणार. मिर्सिनीची झोप उडाली होती. खाली त्यांच्या दोन खोल्या, स्त्रातिसचा गोदीतला पगार आणि पदरात चार वर्षांचा मुलगा, ज्याला सगळे लाडाने लाकिस म्हणत.

एप्रिलमध्ये स्त्रातिसने कोर्टात वारसा नाकारल्याची सही केली.

"सुटलात," वकीलबाई म्हणाल्या.

"आणि कर्ज?" मिर्सिनीने विचारलं.

"जाईल पुढच्या रक्ताच्या माणसाकडे, लहानथोर न बघता. त्याला करखातं पत्राने कळवील. त्यानेही चार महिन्यांत नाकारायचं, नाहीतर त्याच्या गळ्यात." बोलता बोलता बाईंनी वाजणारा फोन उचलला आणि हातानेच 'या आता' केलं.

"पुढचं रक्त म्हणजे मेलबर्नचे काका," गाडीत बसताना स्त्रातिस हसला. "पडू दे त्यांच्या गळ्यात. दोन दुकानं आहेत त्यांची!"

"त्यांना फोन तरी कर. बिचारे बेसावध असतील."

"पत्र जाईल ना त्यांना. मोठे आहेत ते, वाचता येतं."

मेच्या पहिल्या आठवड्यात करखात्याचं पत्र आलं. पाकिटावर सासऱ्यांचं नाव होतं, पांतेलिस व्रेत्तोस.

"म्हातारबा गेले तरी यांची हाव जात नाही बघा, ताई," पोस्टमन म्हणाला.

आत येऊन मिर्सिनीने पाकीट उजेडात धरून स्त्रातिसला दाखवलं. "फोडून बघू का रे? काही महत्त्वाचं असलं तर?"

"वा! चमच्याला हात लावायचा नाही आणि पत्र फोडायचं? कुणी ठरवले होते हे नियम?"

ती वरमली. पाकिटावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'मयत', आणि ते परत पाठवलं.

जूनमध्ये दुसरं आलं, रजिस्टर्ड. तेही तिने सही न करता परत केलं. मग तिसरं आलं. प्रत्येक वेळी ती दारातूनच पाकीट परत करायची, आणि पोस्टमन पाठमोरा झाला की तिला हायसं वाटायचं. एकदा लाकिस कलिंगडाने बरबटलेले हात घेऊन पाकिटावर झडप घालायला आला. तिने पाकीट उंच धरलं.

"नको रे राजा. आपलं नाही ते."

ऑगस्ट संपला. पत्रं थांबली. कित्येक महिन्यांनी मिर्सिनीला गाढ झोप लागली. काकांचंही काही कळलं नाही. त्यांनीही नाकारलं असेल, असं तिने धरलं.

सप्टेंबरात लाकिसच्या बालवाडीचा पहिला दिवस. अंगणात आया घोळक्याने उभ्या होत्या. लाकिस तिचं बोट घट्ट धरून होता. नव्या बाई चष्मा सावरत जन्मदाखल्यांवरून उतरवलेली नावं वाचू लागल्या. पोरं एकेक करून पुढे जात होती.

"पांतेलिस व्रेत्तोस!"

'ते वारले,' सवयीने मिर्सिनीच्या अगदी ओठांवर आलं.

तिचं बोट सोडून लाकिस पुढे धावला. "मी, बाई! आजोबांचं नाव ठेवलंय मला!"