अण्णारावांचा खांदा

नाव विचारल्यावर अण्णारावांनी बेधडक "चंद्रप्पा" असं सांगितलं. गाव विचारल्यावर हदगाव. सारा जन्म लातुरात काढलेल्या माणसाला ऐनवेळी दुसरं गाव आठवलं, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

समोर बसलेल्या महानंदानं मान हलवली आणि पुढचे प्रश्न विचारले. बीपी आहे का, शुगर आहे का, मणक्याचं काही ऑपरेशन झालंय का? अण्णाराव उत्तरं देत होते आणि डोळे हॉलभर फिरवत होते. बंद खोली कुठं आहे, ते त्यांना शोधायचं होतं.

थाई मसाज! या दोन शब्दांनी त्यांची झोप उडाली होती. लग्न करीन तर महानंदाशीच, असं त्यांच्या मुलानं, वीरेशनं, सांगून टाकलं होतं. मुलगी रेणापूरची, आपल्याच लिंगायतांतली, पुण्याला जाऊन हे काम रीतसर शिकून आलेली, आता लातुरातच सेंटर चालवणारी. पण काम हे असलं. तिची आधीची दोन स्थळं मोडली होती म्हणे. त्यामुळेच मोडली असणार, दुसरं काय? लातूर जिल्हा झाला त्या वर्षी अण्णारावांनी भुसार दुकान टाकलं, तेव्हापासून बाजारात त्यांच्या नावाला मान होता. नाही म्हणावं तर पोरगा दुरावतो, हो म्हणावं तर अब्रू जाते. शेवटी त्यांनी ठरवलं, गुपचूप जायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मग काय ते बोलायचं. बायकोला, शिवकांताबाईंना, अडतीवर जातो म्हणून ते घरातून निघाले होते.

खांदा मात्र खरंच दुखत होता, त्यामुळे सोंग निम्मंच होतं.

"गळ्यातलं काढावं लागतंय का?" सदऱ्याआडच्या इष्टलिंगाच्या डबीला हात लावत त्यांनी विचारलं.

"न्हाई काका, ते कशाला काढता? पालथं झाल्यावर तेवढं बाजूला घ्या, तुमच्याच हातानं."

तिनं ढगळ सुती सदरा-पायजमा दिला. कपडे काढायचे नव्हते, उलट अंगभर घालायचे होते. अण्णारावांचा एक घोर मिटला.

"तेल?"

"यात तेल नसतंय. तेल आलं की अंघोळ आली. अन् अंघोळीला पाणी कुठून आणायचं?"

खरंच होतं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. अंघोळ ही चैन झाली होती.

जमिनीवर गाद्या ओळीनं मांडलेल्या होत्या. शेजारच्या गादीवर एक म्हातारी पाय दाबून घेत सुखानं घोरत होती. महानंदानं आधी हात जोडले आणि मग अण्णारावांच्या पायांना हात घातला. ते दचकलेच.

"पाया कशाला पडायलीस, पोरी?"

"पाया न्हाई पडत. सुरुवातच पायापासून असती. दुखलं की सांगा, दम धरून पडू नका."

मग तळव्यांनी दाबत ती पोटऱ्यांवर आली, मांड्यांवर आली. श्वास घ्या म्हणायची आणि सोडताना ओढायची. कंबरेत काहीतरी कटकन वाजलं आणि अण्णाराव "शिवा शिवा" म्हणाले. मग डबी बाजूला घेऊन ते पालथे झाले.

"खांदा कशानं धरला?"

"घागरी. टँकर आला की पळावं लागतंय."

"तुमी भरता पाणी? घरचे न्हाईत का?"

"हिचे गुडघे गेलेत. पोरगा नांदेडला बँकेत, सुट्टीला येतो तवा भरतो."

"अन् सून आल्यावर?"

"सून काय पाणी भराया आणायची असती का?" बोलून गेल्यावर अण्णारावांनी जीभ चावली. आपण भलतंच बोललो, हिला संशय तर येणार नाही? पण ती शांतपणे कोपरानं खांद्याची गाठ शोधत होती.

"दुखलं की घरात कुणावर ओरडता?"

"ओरडायचं होतं तवा ओरडलो. आता रातच्याला मीच तिचे गुडघे दाबून देतो." पालथं पडलेल्या माणसाला खोटं बोलणं जमत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

तेवढ्यात दारात एक गॉगलवाला आला. "वेगळी एसी रूम न्हाई का, मॅडम?"

महानंदानं अण्णारावांच्या पाठीवरचा गुडघा हलवला नाही. "न्हाई. इथंच, समद्यांसमोर. दुखत असंल तर बसा, नसंल तर दार तिकडं हाय."

गॉगलवाला गेला. अण्णाराव गादीत तोंड खुपसून हसले.

शेवटी तिनं त्यांना बसवलं, मागून दोन्ही हात धरले आणि हळूच वर ताणले. खांदा कुरकुरला आणि हात सुटला. "एकदम बरं होणार न्हाई," ती म्हणाली. "पण सांधे मोकळे होतील, झोप चांगली लागंल. घागरी मात्र थोडे दिवस बंद."

अण्णाराव घरी आले तेव्हा शिवकांताबाई हातातला मोबाइल खाली ठेवत होत्या. खोटं आता त्यांच्याच्यानं पेलवेना.

"मी अडतीवर गेलो न्हवतो," ते म्हणाले. "पोरगी बघून आलो. नाव बी खोटंच सांगितलं. लई गुणाची हाय, अन् कामबी देवासारखं. माझी काय हरकत न्हाई आता. लाव रेणापूरला फोन."

"रेणापूरला कशाला? महानंदाचाच फोन होता की आत्ता. वीरेशनं फोटू दाखवलेला, तिनं चंद्रप्पाला दारातच वळखलं." शिवकांताबाईंनी पदरानं तोंडावरचं हसू पुसलं. "म्हणली, आधीची दोन मीच मोडली, या खेपेला सासरा पसंत हाय."