असू द्या

शिंपी मास्तरांनी गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, आणि बायको म्हणाली, "असू द्या. कापड उरलंय अजून."

मास्तरांनी घाबरून कात्रीच खाली ठेवली. एक काज वाकडं झालं तर सगळी गल्ली डोक्यावर घेणारी बाई ही! दोघं एकाच दुकानात शिवायची, आणि त्यांची भांडणं ऐकायला शेजारचा न्हावी कात्री थांबवायचा. मास्तरही काही कमी नव्हते. पण मध्यंतरी तपासणीत मास्तरांच्या हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं निघालं. अशा दुखण्यात एखाद्याचं हृदय अचानक बंद पडू शकतं, पुढच्या तपासण्या करून बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून बायकोच्या तोंडाला कुलूप. चष्मा हरवला तरी मुकाट्याने शोधून हातात देई.

"मास्तर, करमत नाही हो हल्ली," न्हावीसुद्धा कुरकुरला.

मास्तरांना तर झोप लागेना. डॉक्टरीणबाईंनी हिच्या कानावर नक्कीच काहीतरी घातलंय. आपले दिवस भरले, आणि ही गोड बोलून निरोप देतेय.

आज दोघं निकाल ऐकायला दवाखान्यात बसली होती. मास्तरांना पुन्हा एकदा तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्नायू जाड आहे, पण अचानक दगावण्याचा धोका तुमच्या बाबतीत फार कमी दिसतोय. गोळ्या चुकवू नका, दरवर्षी दाखवा, चक्कर आली तर लगेच या. बाकी मजेत राहा."

मास्तरांनी नुसती मान डोलावली. मरणाऱ्याचं मन राखायला असंच बोलतात, हे काय त्यांना कळत नव्हतं?

बायको मात्र खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे यांच्यावर ओरडलं तर चालेल? यांना काही होणार नाही ना?"

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "ओरडा की खुशाल."

बायको गर्रकन वळली. "अहो, शर्टाची बटणं बघा जरा! वरचं खाली, खालचं वर! जन्म गेला शिवण्यात, आणि स्वतःचा शर्ट धड घालता येत नाही? चारचौघांत माझी लाज काढता!"

बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावू लागले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता.

मास्तर बटणांना हात न लावता ऐकत राहिले. आपण जगणार, हे त्यांना आत्ता कुठे पटलं.