आतली कडी

शीतगृहाचं जाड दार आपल्याच वजनाने मागे लागलं. आधी आत आलेला सुरक्षा अधिकारी दिव्याखाली उभा होता. साहेब बाहेर कोणाशी तरी बोलून मागून आले आणि कोटाची कॉलर वर करत म्हणाले, की काय दाखवायचं ते लवकर उरका.

दाराला आतून उघडायची कडी हवी, आत धोक्याची घंटा हवी, असं अधिकाऱ्याने तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा साहेब ‘बघू’ म्हणाले. साहेबांचं ‘बघू’ म्हणजे विषयाला मूठमाती, हे शिपायालाही ठाऊक होतं. म्हणून आज शनिवारी, कामगार घरी गेल्यावर, अधिकाऱ्याने गळ घालून त्यांना इथे आणलं होतं. सोमवारपर्यंत इकडे कोणी फिरकणार नव्हतं, त्यामुळे बोलायला निवांतपणा होता.

पंख्यांची घरघर सोडली तर आत काहीच ऐकू येत नव्हतं. अधिकाऱ्याने दारावरचे ओरखडे दाखवले. त्याचा धाकटा भाऊ इथे हमाली करायचा. गेल्या वर्षी तो दोनच तास आत अडकला आणि त्याची तीन बोटं गेली. ओरखडे त्याचेच होते. अधिकाऱ्याला साहेबांचा राग येत होता, आणि त्यांच्यापुढेच हात जोडावे लागतात याची लाजही वाटत होती.

साहेबांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग दार ढकललं, खांदा लावून पाहिला. दार हललं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

“पटलं,” ते म्हणाले. “कडी, घंटा, सोमवारी सगळं बसवून घ्या.”

अधिकाऱ्याला भरून आलं. त्याने साहेबांना धीर दिला. इथे फोन लागत नाही हे खरं, पण बाहेर नव्या हमालाला बसवलंय, पंधरा मिनिटांनी तो दार उघडेल.

पंधरा मिनिटं केव्हाच उलटली. साहेबांच्या भुवया पांढऱ्या व्हायला लागल्या.

“तो स्टुलावर बसला होता, तोच का?” त्यांनी हळूच विचारलं.

“तोच, साहेब.”

“त्याला मी घरी पाठवला. म्हणाला, दार उघडायला बसवलंय. म्हटलं, जा तू, आतून मीच उघडतो.”