भाऊबीजेचा पहारा

"शिपाईदादा, सरका जरा. सडा टाकायचाय," चांगुणा म्हणाली, आणि सूर्यभान शिपाई आपलं घोंगडं उचलून पुन्हा उठला.

तीन दिवस हाच खेळ चालला होता. तिसगावात चांगुणाच्या दारासमोर, लिंबाखाली त्याने तळ ठोकला होता, आणि रोज सकाळी या बाईला नेमकी त्याच्या बुडाखालचीच जमीन सारवायची असे. ऐन दिवाळी. रॉकेल मिळत नव्हतं, साखर दृष्टीला पडत नव्हती, तरी लोकांनी गुळाच्या करंज्या तळल्या आणि करडईच्या तेलावर पणत्या पेटवल्या. सूर्यभानच्या वाट्याला मात्र शिळी भाकरी आणि पिसवांचं घोंगडं. जुना खाकी डगला तो गेल्या खेपेला बहिणीकडे मिरीला विसरला होता, त्यामुळे थंडीही फुकटात मिळत होती.

हे सगळं एका गोरक्षपायी. गोरक्ष म्हणजे चांगुणाचा पाठचा भाऊ. ऑगस्टात गडबड उसळली, नगरच्या किल्ल्यात मोठमोठे पुढारी कोंडले, तेव्हा या पठ्ठ्याने तारा तोडल्या, चावडीवर झेंडा लावला आणि पसार झाला. वॉरंटात खूण लिहिली होती, डाव्या कानाची पाळी फाटकी. त्या कानाच्या मागे सूर्यभान तीन महिने डोंगर तुडवत होता. आताशा कुणीही समोर आलं तरी त्याला आधी कान दिसत, मग तोंड.

"भाऊबीजेला भाऊ बहिणीकडं येतोच," जमादाराने सांगितलं होतं. "दारात बस. आला की धर."

सांगायला जमादाराचं काय जातंय! सूर्यभानलाही बहीण होती. विजयमाला. मिरी तिथून चार कोसांवर. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवली, उजवली. लग्नाला सात वर्षं झाली, पण एक भाऊबीज चुकली नव्हती. भावाला ओवाळल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. यंदा तर तिचा नवरा लढाईवर, पार इराकात. घरात म्हातारी सासू आणि ती. तिच्यासाठी घेतलेला हिरवा खण सूर्यभानच्या पिशवीत चुरगळत होता. दुसऱ्याच्या भावासाठी आपली बहीण उपाशी ठेवायची, असली ही सरकारची चाकरी. त्याला तिचा नुसता वीट आला होता.

भाऊबीजेच्या सकाळी हाजराबी मनेरीण बांगड्यांची टोपली घेऊन चांगुणाच्या ओट्यावर आली.

"लवकर हात दे बाई," ती म्हणाली. "आज मिरीला जायाचंय मला."

सूर्यभान ताडकन उठला. "मावशी, माझ्या भनीला येवढा खण पोचवता?"

"दे की. कोन तुझी भन?"

"विजयमाला. मारुतीच्या मागलं घर. म्हनावं, दादाला रजा न्हाई. उपाशी बसू नगंस." त्याचा आवाज चिरकला आणि त्याचीच त्याला लाज वाटली. "पर ती ऐकायची न्हाई. घरात बाप्या मानूस न्हाई ह्या साली. ओवाळंल कुनाला? चंद्राला?"

चांगुणाने त्याच्याकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तुमची भनबी तुमच्यासारकीच तापट हाय का वो?"

"छ्या! गाय हाय गाय. दारात आलेल्याला जेवल्याबिगर सोडत न्हाई."

चांगुणा उठून आत गेली आणि चार करंज्या त्याच्यासमोर ठेवून पुन्हा हाजराबीपुढे जाऊन बसली. हात भरताना दोघींची काहीतरी कुजबुज झाली, मग बांगड्यांच्या खाली खण घालून हाजराबीने टोपली उचलली.

दिवस मावळताना चांगुणाने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं आणि दारात उभी राहून वाटेकडे बघू लागली. सूर्यभान लिंबाआड दबून बसला. तेवढ्यात एक माणूस आला. सूर्यभानने झडप घातली. तो देवळाचा गुरव निघाला, दोन्ही कान शाबूत. गुरवाने भर रस्त्यात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

बिजेची कोर बुडू लागली तशी चांगुणा तबक घेऊन अंगणात आली. तिने चंद्राला ओवाळलं, आत जाऊन पोटभर जेवली आणि हात धुवायला बाहेर आली तेव्हा चक्क गुणगुणत होती. हिला काळीज आहे की दगड, असं सूर्यभानला वाटलं. भाऊ रानोमाळ भटकतोय आणि हिला घास गोड लागतो! तिकडे विजू अजून दारात उभी असेल, या विचाराने त्याला करंजीसुद्धा कडू लागली.

दुसऱ्या दिवशी जमादाराने पहारा उठवला. "तुझ्या हातनं माशी मरायची न्हाई," हेही ऐकवलं. सूर्यभानने घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मिरीची वाट धरली.

विजयमाला दारातच होती. रडून डोळे सुजले असतील असं त्याला वाटलं होतं, पण ती हसत पुढे आली.

"विजू, काल जेवलीस का?"

"जेवले की."

"ओवाळलं कुनाला मग?"

"तुझ्या दोस्ताला. खण घिऊन आल्ता न्हवं त्यो."

"खण तर मी हाजराबीकडं दिल्ता."

"तिनंच त्याच्याकडं दिला म्हनं. म्हनला, दादाला रजा न्हाई, तुमी उपाशी ऱ्हाऊ नगा, मलाच ओवाळा. लई गुनाचा. त्यालाबी भन हाय, पर औंदा तिच्या दारात जायाची सोय न्हाई म्हनला. डोळ्यांत पानी आलं रं त्याच्या."

सूर्यभान उंबऱ्यावर टेकला. "नाव काय त्याचं?"

"पाटावर बसलेल्या भावाला कुनी नाव इचारतं व्हय? मुंडासं कानावर घट्ट बांधल्यालं. अक्षता टाकताना सरकलं, तवा दिसलं. डाव्या कानाची पाळी पार फाटल्याली बिचाऱ्याची."

सूर्यभानने नकळत स्वतःचाच डावा कान चाचपला.

"जेवून लगोलग निघाला," विजयमाला म्हणाली. "वाटंत पोलिस लई नडत्यात म्हनं. म्हनून तुझा खुंटीवरचा खाकी डगला घातला त्याच्या अंगात, आन् म्हनलं, कुनी अडवलं तर बिनघोर सांग, सूर्यभान शिपायाचा भाऊ हाय म्हनून."