दोरीच्या टोकाला

जमीन

"चौऱ्याहत्तर! तोए बिबाता!"

बिबातानं तळहात लाल मातीत घासले. दंडावर पेनानं लिहिलेला ७४ घामानं पसरला होता. समोर लोखंडी चौकट, चौकटीला पाच मीटरची दोरी, दोरीशेजारी हातात घड्याळ घेतलेले परीक्षक काफांदो सर.

"आडनावावरूनच ओळखलं, सामो असणार," सर म्हणाले. "काय गं, कुत्र्याचं मटण खाऊन आलीस, की उपाशीच चढणार?"

"खाऊन आले, सर. मुंडकं तुमच्यासाठी ठेवलंय. गुलामाला विसरते होय मी?"

रांग खिदळली. सरही हसले. ते मोसी, ती सामो. या दोन जमातींचं वाडवडिलांपासून थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खाण्यावरून चिडवायचं, राग धरायचा नाही, आणि चारचौघांत मागितलेलं नाकारायचं नाही.

"बरं, मालकीणबाई. दहा सेकंदांच्या आत वर लोखंडाला हात लागला तर वीसपैकी वीस. पुढच्या दर सेकंदाला दोन कमी."

तिला वीसच हवे होते. गणितात तिचं काही खरं नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि गणिताच्या मास्तरांनाही. खेळाच्या गुणांनी ते भोक बुजलं तर शाळान्त परीक्षा सुटणार. नाहीतर जूनपासून मावशीच्या टपरीवर भजी तळायची.

मागून मैत्रीण, क्लारिस, कुजबुजली, "बिबा, तिकडं बघायचं नाही हं. शप्पथ आहे तुला."

एक मीटर

सराव घरामागच्या कडुनिंबावर केलेला. विहिरीची बारीक दोरी, हात सोलून काढणारी. ही मनगटाएवढी जाड होती. पायांच्या कैचीत छान बसली.

दोन मीटर

सरावाला क्लारिस खालून मोठ्यानं आकडे मोजायची. नवाला बिबाता टोकाशी असायची. मग फांदीला हात लावायचा सोडून मान वळवायची. दहा. अकरा. "अगं बये, लाव ना हात!" बारा. तेरा.

तीन मीटर

टोकावरून देदुगू शहराकडं जाणारा रस्ता दिसायचा. तिचा थोरला भाऊ इसूफ त्याच रस्त्यानं गेला, पार परदेशात, आबिजानपलीकडच्या कोकोच्या मळ्यांत. दोन वर्षं झाली. दोरीवर चढायला त्यानंच शिकवलेलं. परवा फोनवर म्हणाला, तुझ्या दोरीच्या दिवशी येतो. सकाळच्या बसनं.

चार मीटर

हॉर्न वाजला. लांब, दोनदा. गावाच्या वळणावर देदुगूची बस असाच वाजवते.

मान वळायला लागली.

बिबातानं डोळे मिटले. गच्च.

पाच मीटर

लोखंड. तापलेलं. तिनं थापड मारली. चौकट घणघणली.

जमीन

"आठ पूर्णांक चार!" सर ओरडले. "वीस! अरे देवा, आता ही सामो जन्मभर माझ्या मानगुटीवर बसणार!"

क्लारिसनं तिला उचलून गरागरा फिरवलं. "सुटलीस गं! भजी सुटली तुझी!"

बिबाता तिच्या खांद्यावरून फाटकाकडं बघत होती. मैदानाची भिंत पुरुषभर उंच. फाटकातून पाण्याच्या पिशव्या विकणारी बाई आत आली. एक बकरी आली. पंच्याहत्तरवा झाला, ऐंशीवा झाला. क्लारिस चढली, निम्म्यातून घसरली, सगळ्यांबरोबर स्वतःही हसली. शेवटचा, एकशे नऊ नंबरचा मुलगा चढून उतरला, तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. बस स्टँडवरून मैदान चालत दहा मिनिटांवर.

"आला असता तर इथंच आला असता," क्लारिस हळूच म्हणाली. "चल. भात-घुगऱ्या संपतील."

काफांदो सरांनी चौकटीला शिडी लावली होती. वर जाऊन ते दोरीची गाठ सोडत होते.

"सर, दोरी राहू द्या."

"का गं?"

"मला अजून एकदा चढायचंय."

"विसाच्या पुढं काही नसतं, पोरी."

"गुण नकोत." तिनं खाकरून आवाज मोठा केला. गोळाफेकीचे सर वळले, पाणीवाली थांबली. "चारचौघांत मागतेय. तू माझा गुलाम आहेस ना?"

सरांनी खाली तिच्याकडं पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी गाठ पुन्हा आवळली, ओढून पाहिली आणि शिडी उतरले.

"चढ, मालकीणबाई."

पाच मीटर

घाई नव्हती. लोखंडाला तिनं हात लावला नाही. दोरीला पायाची अढी घातली आणि मान वळवली. कडुनिंबावरून दिसायचा त्यापेक्षा रस्ता खूपच लांबपर्यंत दिसत होता.

ती चढायला लागली तेव्हा सरांच्या अंगठ्यानं सवयीनं घड्याळ सुरू केलं होतं.

"काय दिसतंय गं?" त्यांनी खालून विचारलं.

"धूळ."

"येणाऱ्या गाडीची, की गेलेल्या?"

बिबातानं मान आणखी लांबवली. घड्याळात पन्नास. एक्कावन्न. वाऱ्यानं दोरी हलायला लागली, तशी तीही हलायला लागली.

सरांनी घड्याळ तसंच चालू खिशात टाकलं आणि दोरीचं खालचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.