कातरलेला कळप

मेंढ्या टेकाडावरून खाली उतरल्या आणि अक्षदाच्या काळजात धस्स झालं.

गेल्या आठवड्यात हर्सूल तलावाच्या मागच्या याच माळावर तिनं सकाळचा शॉट घेतला होता. तेव्हा हाच कळप दाट काळ्या लोकरीचा होता, पोटाला चिखल, अंगात कुसळं. आता सगळ्या मेंढ्या धुऊन, कातरून, पाठीवर गेरूचे पट्टे ओढून वरातीला निघाल्यासारख्या येत होत्या. मागं तिचे वडील सोनाजी, डोक्याला नवा फेटा. त्यांच्याही मागं भावकीतली माणसं, कुणाच्या हातात अजून कातर होती.

"कशा दिसत्यात?" सोनाजींनी विचारलं. "पिक्चरात जायचं तर तशाच न्यायच्या व्हय? भावकीला हाक मारली, काल एका दिसात कळप उरकला."

"लई झ्याक दिसत्यात, आबा," अक्षदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिचा हा पहिलाच सिनेमा, आणि गोष्ट अवघ्या एका दिवसाची. मेंढपाळाची मुलगी सकाळी कळप घेऊन निघते, शहरात शिकायला जावं की नाही या विचारात दिवस काढते आणि दिवस मावळताना कळपासोबत माघारी येते. ते माघारी येणं तेवढं राहिलं होतं. कॅमेरा सार्थकचा. तो शहरातल्या छावणी भागात राहायचा आणि लग्नांचे व्हिडिओ काढायचा. उद्यापासून लग्नसराई, मग कॅमेरा मिळायचा नाही. आणि कातरलेली लोकर काही रात्रीतून उगवत नाही.

सार्थकनं कपाळाला हात लावला. सकाळी लोकरीच्या असलेल्या मेंढ्या संध्याकाळी टकल्या, लोक हसून हसून मरतील, असं तो तणतणायला लागला तेव्हा अक्षदानं त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. आजवर सिनेमाचा विषय निघाला की आबा उठून मेंढ्यांकडं निघून जायचे. आज ते आपणहून आले होते, तेही चार माणसांना मिरवत घेऊन. त्यांच्यासमोर त्यांचीच चूक काढायची तिच्यात हिंमत नव्हती. हातातला सिनेमा सोडून द्यायचीही नव्हती.

"यातलं अक्षर आबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस," तिनं सार्थकला बजावलं.

मग ती नुसतीच मेंढ्यांकडं बघत उभी राहिली. कातरलेल्या मेंढ्या अंग हलकं झाल्यानं उड्या मारत होत्या. ऊन उतरत होतं. सार्थक तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, आणि सिनेमातली मुलगी मोनिका ओढणी कमरेला खोचून, हातात काठी घेऊन कधीची तयार बसली होती.

अक्षदानं तिच्या हातातली काठी काढून घेतली. सकाळी शहरातून येताना घातलेली जीन्स पुन्हा घाल आणि तुझी सॅक पाठीला लाव, म्हणाली. गोष्ट आता एका दिवसाची नव्हती. सकाळी कळपासोबत गेलेली मुलगी पुढं शिकायला निघून गेली. मध्ये कितीतरी महिने गेले, मेंढ्यांची कातरणी झाली, आणि ती आज पहिल्यांदा माळावर परत येते आहे. कळप तोच, पण त्याच्यामागं आता तिचा बाप आहे.

ती काठी तिनं सोनाजींना दिली. पोरगी समोरून येईल, बोलायचं काही नाही, कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, नेहमीसारखं चालत राहायचं, एवढंच सांगितलं. आपण पिक्चरात आहोत हे कळल्यावर सोनाजींनी भावकीकडं एकदा वळून बघितलं आणि घसा खाकरला.

कळप निघाला. मोनिका समोरून आली आणि वाटेत थांबली. सोनाजी सांगितल्याप्रमाणे चालत राहिले. फक्त तिच्याजवळून जाताना त्यांनी तिच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली, आपल्या खांद्याला अडकवली आणि एक शब्द न बोलता मेंढ्यांमागं निघून गेले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अक्षदाचे डोळे भरून आले. बापाचा तर तिला अभिमान वाटलाच, थोडा स्वतःचाही वाटला.

काय काढलं ते आम्हालाही दाखवा, असा भावकीनं हट्ट धरला. खुशीत आलेल्या सार्थकनं कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्याकडं वळवला आणि भान न राहून आधी गेल्या आठवड्यातला शॉटच लावला. लोकरीचा कळप गेला. मागोमाग आजचा कळप आला. सोनाजी वाकून बघत होते. गोष्ट एका दिवसाची आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी, उठून जाण्याआधी, लेकीच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांनी मोनिकाच्या जीन्सकडं बघितलं, मग अक्षदाकडं. अक्षदा खाली मान घालून कॅमेऱ्याचा स्टँड मिटत होती.

त्यांचा चुलतभाऊ बद्रीनाथ मघापासून हिशेब लावत होता. कॅमेरा या पोरानं धरला, काम त्या पोरीनं केलं, मेंढ्यांमागं तर सोनाजी चालले.

"मंग दादा, तुमच्या पोरीनं ह्यात केलं काय?"

सार्थक काही बोलणार होता. सोनाजींनी त्याला हातानंच थांबवलं.

"काल आपुन मेंढ्या कातरल्या ना बद्री, तवाच तिचा पिक्चर बुडाला व्हता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तिनं आख्खी गोष्ट फिरवली, पर चार मान्सांत बापाची मान खाली जाऊ दिली नाय. डायरेक्टर हाये ती."