मूठमाती

"वहिनी, जरा इकडे ये," पालुकूनं खड्ड्यातूनच हाक मारली.

कहिंदोनं वाकून पाहिलं. कमरेइतक्या खोल खड्ड्यात दीर उभा होता आणि त्याच्या तळहातावर काळी, चकाकती खडी होती. कोल्टान, मोबाइल फोनसाठी लागणारं महागडं खनिज. घरामागच्या घेवड्याच्या शेतात नवऱ्याची, कंबालेची, कबर खणायला घेतली आणि खाली हे निघालं.

"नशीब उघडलं की गं तुझं!"

"नशीब गेलं चुलीत. हळू बोल," ती म्हणाली. "पलीकडच्या टेकडीवर हेच निघालं तेव्हा काय झालं, विसरलास? बंदूकवाले आले आणि घरं गेली, शेतं गेली. पुरलेल्या माणसांनासुद्धा उकरून बाहेर टाकलं मेल्यांनी."

"मग दुसरीकडे खणू?"

"दुसरीकडे तरी काय वेगळं निघणार? इथंच पुरू त्याला. या ढिगावर पटकन वरची माती लोट. कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही."

पालुकूनं गळ्याची शपथ घेतली. बाहेर काढलेल्या ढिगावर दोघांनी वाफ्यातली तांबडी माती पसरली. तोवर गाव जमलंच.

पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. शवपेटी खाली गेली. रिवाजाप्रमाणे एकेक जण मूठमाती द्यायला पुढे आला.

पहिला होता शेजारचा म्हातारा मुहिंदो. उभा जन्म खाणीत गेलेला माणूस. त्यानं ढिगात हात घातला आणि तो क्षणभर थबकला. बोटांनी माती चाचपली. मग मूठ कबरीवर धरली, पण पुरती उघडली नाही. थोडीशीच माती खाली पडली.

त्याच्या मागच्यानंही तेच केलं. त्याच्या मागच्या बाईनंही. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. रडत मात्र सगळेच होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. कंबाले माणूसच तसा होता. कहिंदोला ओरडावंसं वाटलं, पण कुणाकुणाच्या नावानं ओरडणार? आज ना उद्या यातली एक तरी मूठ बाजारात उघडणारच होती.

सगळ्यांत शेवटी पाद्रीबाबा आले. त्यांनी माती दिली आणि तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. उजवा झग्याच्या खिशात होता.

"बाबा," कहिंदो म्हणाली, "आशीर्वाद उजव्या हातानं द्या ना."

पाद्रीबाबांनी मान खाली घातली. हात खिशातच राहिला.